मादाम गेरँचें घर

शाळा ही वस्तु मनुष्यजातीच्या इतिहासांत फार अलीकडची आहे, हें आपण बहुधा विसरतों. मूल सहा वर्षांचें झालें कीं त्याच्या पाठीवर दप्तर चढावें, घंटा वाजली कीं त्यानें बसावें, पुन्हां वाजली कीं उठावें, आणि वर्षअखेरीस इतर चाळीस मुलांबरोबर त्याचें माप घेतलें जावें, हा क्रम आज सूर्याच्या उगवण्याइतका स्वाभाविक वाटतो. या क्रमांत जें मूल बसत नाहीं, त्याच्याविषयीं पहिला प्रश्न निघतो तो 'या मुलांत काय उणें आहे' असा. 'या क्रमांत काय उणें आहे' हा प्रश्न मागाहून, आणि तोहि क्वचितच, निघतो. मग एखादी आई किंवा एखादा बाप, कधीं खचून तर कधीं पूर्ण विचारानें, त्या मुलाला शाळेंतून काढितो आणि घरीं शिकवूं लागतो. शेजारीपाजारी हळहळतात, आप्त उपदेश करितात, आणि हें नव्या युगाचें कांहीं तरी खूळ आहे असें बहुतेक सारे समजतात.

तें खूळ नव्हे, आणि नवें तर मुळींच नव्हे. इतरांच्या मापांत न बसणाऱ्या मुलाला वर्गांत न कोंडतां, एका माणसानें एका मुलाकडे सगळें लक्ष देऊन शिकविण्याचा जो प्रयत्न, त्याला सव्वादोनशें वर्षांचा लेखी इतिहास आहे. इतकेंच नव्हे, तर ज्या बालवाड्यांतून आज आपलीं धडधाकट मुलें लाकडी अक्षरें हाताळतात, त्या बालवाड्यांचें एक मूळहि त्याच प्रयत्नांत सांपडतें. तो इतिहास वाचकांपुढें ठेवावा, आणि त्यांत ज्या एका स्त्रीचें नांव बहुधा तळटीपेंत जातें तिला मजकुरांत आणावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

इसवी सन १८०० च्या जानेवारींत, फ्रान्सच्या दक्षिण भागांत, आव्हेरों प्रांतांतील सँ-सेर्नँ या गांवीं एक मुलगा लोकांच्या हातीं लागला. वय सुमारें अकरा-बारा वर्षांचें. अंगावर एका सदऱ्याच्या चिंध्या. गळ्यावर जुन्या जखमेचा वण. तोंडांतून शब्द म्हणून एकहि निघेना. त्यापूर्वीं दोन-तीन वर्षें लाकोनच्या रानांत, मिळेल तें कंदमूळ व फळ खाऊन हिंडतांना, तो गांवकऱ्यांच्या दृष्टीस पडला होता. दोनदां पकडला गेला होता आणि दोन्ही वेळां निसटला होता. रोदेझ येथें बोनातेर नांवाच्या सृष्टिशास्त्राच्या अध्यापकानें कांहीं महिने त्याचें निरीक्षण केलें, आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टांत सरकारी हुकमानें त्याची रवानगी पॅरिसच्या मूकबधिरांच्या राष्ट्रीय संस्थेंत झाली.

पॅरिस शहर त्या वेळीं तत्त्वज्ञानाच्या चर्चेनें भारावलेलें होतें. संस्कृतीचा स्पर्श न झालेला निसर्गसिद्ध मानव आतां प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहावयास मिळणार, म्हणून लोकांची झुंबड उडाली. त्यांच्या दृष्टीस पडला तो पिंजऱ्यांतल्या जनावराप्रमाणें मागेंपुढें झुलणारा, अंगाशीं येणाऱ्याला चावणारा व ओरबाडणारा, आणि सभोंवतालच्या कशाचेंहि सोयरसुतक नसलेला एक मळकट पोरगा. लोकांचें कुतूहल थोड्याच दिवसांत ओसरलें. वेड्यांना माणुसकीनें वागवावें असें सांगणारा सुप्रसिद्ध वैद्य फिलिप पिनेल यानें मुलाची तपासणी केली आणि विद्वानांच्या सभेपुढें निर्णय दिला: हा मुलगा रानांत राहिल्यामुळें जड झालेला नाहीं, जन्मतःच जड असल्यामुळें रानांत टाकला गेला असावा; इस्पितळांत खितपत पडलेल्या मूढ मुलांत आणि याच्यांत फरक नाहीं; याला शिकवून उपयोग नाहीं.

येथें हें प्रकरण संपावयाचें. परंतु संस्थेंत नुकताच वैद्य म्हणून आलेल्या, अवघ्या सव्वीस वर्षांच्या, झां-मार्क-गास्पार इतार या तरुणाला तो निर्णय पटला नाहीं. मनुष्य हा जन्मानें नव्हे तर सहवासानें मनुष्य होतो, अशी त्याची श्रद्धा होती. आणि या मुलाच्या वांट्याला सहवासच आला नाहीं, तेव्हां तो आधीं दिला पाहिजे, असें तो म्हणे. दोघांपैकीं बरोबर कोण, याचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. अलीकडच्या काळांत, १९८९ सालीं, उटा फ्रिथ या मानसशास्त्रज्ञ विदुषीनें आपल्या ग्रंथांत त्या मुलाचीं लक्षणें स्वमग्नतेशीं जुळतात असें दाखविलें. तत्पूर्वीं १९७६ सालीं हार्लन लेन या ग्रंथकारानें तें निदान नाकारलें होतें. आमच्या विषयाच्या दृष्टीनें या वादाच्या निकालावर फारसें अवलंबून नाहीं. 'याला शिकवून उपयोग नाहीं' असें त्या काळच्या सर्वांत मोठ्या अधिकाऱ्यानें सांगितल्यावरहि शिकविण्यास कोणी बसलें, ही गोष्ट महत्त्वाची.

आतां तें शिकविणें कोठें झालें तें पाहूं. ज्या संस्थेंत मुलाला ठेविलें होतें ती शाळाच होती. तेथें वर्ग होते, गुरुजी होते, खुणांची भाषा शिकणारे विद्यार्थी होते. इतारनें मुलाला त्या वर्गांत बसविलें नाहीं. त्यानें त्याला मादाम गेरँ नांवाच्या एका बाईच्या हवालीं केलें. सरकारनें या कामासाठीं तिला वेतन दिलें, आणि शाळेच्या आवारांतच एका मुलापुरतें एक घर मांडलें गेलें. त्या घरांत चूल होती, जेवणाचें मेज होतें, बाईचा नवरा होता, आणि ठरलेल्या वेळेला फिरावयास जाणें होतें. इतार येऊन धडे देई. उरलेला सारा दिवस, आणि रात्रहि, मादाम गेरँची.

पहिला धडा कोणता, हें ऐकून आपल्या शिक्षकवर्गाला आश्चर्य वाटेल. पहिला धडा म्हणजे धडा न देणें. मुलाला खाण्याची, झोपण्याची, कांहीं न करतां बसण्याची आणि रानोमाळ धांवण्याची गोडी होती. तेव्हां त्याला मनसोक्त खाऊं द्यावें, झोपूं द्यावें, निवांत बसूं द्यावें आणि धांवूं द्यावें, असें ठरलें. आधीं त्याला या घरांत राहावेंसें वाटलें पाहिजे, मग पुढचें. मादाम गेरँनें हें काम आईच्या धीरानें व जाणत्या गुरूच्या समजुतीनें केलें, अशा आशयाची साक्ष खुद्द इतारनें दिली आहे.

दुसरें पाऊल इंद्रियांना जागें करण्याचें. हा मुलगा थंडीवाऱ्यांत उघडा बसे. उकळत्या पाण्यांतून बटाटे हातानें काढी. कानाजवळ पिस्तुल उडविलें तरी दचकत नसे, मात्र पाठीमागें कोणी अक्रोड फोडला तर तत्काळ वळून पाही. म्हणजे कान बहिरा नव्हता. ज्या आवाजाशीं त्याला कर्तव्य नव्हतें तो त्याच्यापुरता अस्तित्वांतच नव्हता. आपल्या हांकेला 'ओ' न देणारें परंतु डबा उघडल्याच्या आवाजासरशीं स्वयंपाकघरांत हजर होणारें मूल ज्या आईबापांनीं पाहिलें असेल, त्यांना हें निरीक्षण नवें वाटणार नाहीं. इतारनें रोज दीर्घ काळ ऊन पाण्याचीं स्नानें सुरू केलीं. थोड्याच काळांत मुलगा पाण्यांत बोट घालून पाहूं लागला आणि पाणी निवलेलें असल्यास आंत पाऊल टाकीना. थंडी कळूं लागल्यावर कपड्यांचें महत्त्व कळलें आणि तो आपले आपण कपडे चढवूं लागला. शिस्तीच्या ज्या गोष्टी छडीनें शिकवाव्या लागतात अशी आपल्याकडे पंतोजीच्या काळापासून समजूत आहे, त्यांपैकीं एक येथें गरजेनें शिकविली.

मग बुद्धीचे खेळ आले. चांदीचे पेले पालथे घालून एकाखालीं मुलाचें आवडतें फळ लपवावें, पेल्यांची अदलाबदल करावी आणि त्याला शोधावयास लावावें; खाऊसाठीं सुरू झालेला खेळ हळूंहळूं खाऊवांचूनहि चालूं लागला. वस्तूचें चित्र आणि वस्तु यांची जोडी लावणें, नंतर वर्णमालेचीं अक्षरें खणांच्या फळींत ज्याच्या त्या जागीं बसविणें, असा क्रम चालला. 'ओ' या स्वराकडे त्याचें कान टवकारतात असें दिसल्यावरून त्याला व्हिक्तोर हें नांव मिळालें. दुधाला फ्रेंच भाषेंत 'ले' म्हणतात. हा शब्द तो उच्चारूं लागला, परंतु दूध मागण्यासाठीं नव्हे, तर दूध मिळाल्याच्या आनंदांत. इतारला याचें वाईट वाटलें, कारण शब्द हें मागण्याचें साधन व्हावें ही त्याची अपेक्षा होती. पण पुढें एके दिवशीं, नेहमीं जेथें दूध मिळे त्या ओळखीच्या घरीं जातांना, मुलानें त्या शब्दाचीं चार अक्षरें कोणी न सांगतां खिशांत घालून नेलीं आणि तेथें मेजावर ओळीनें मांडलीं. जें तोंडाला साधेना, तें हातानें साधून घेतलें होतें.

या कथेंत सर्वच गोड आहे असें मात्र कोणी समजूं नये. धडे कठीण होऊं लागले तसतसे मुलाला झटके येऊं लागले. तो चादरी चावी, चुलीतले निखारे फेंकी. एकदां इतारनें त्याला उचलून उंचावरच्या खिडकींतून बाहेर डोकें खालीं करून धरलें. मुलगा भीतीनें गारठला, आणि परत आंत घेतल्यावर येऊन मुकाट्यानें अक्षरें लावूं लागला व नंतर रडला. पुढें एकदां, न्यायान्यायाची जाणीव त्याला आहे कीं नाहीं हें अजमावण्यासाठीं, काम चोख केलें असतांहि इतारनें त्याला मुद्दाम शिक्षा केली. मुलानें त्याच्या हाताचा कडकडून चावा घेतला, आणि वैद्यमहाशयांना त्या चाव्यानें परमानंद झाला. हे प्रयोग इतारनें स्वतःच प्रामाणिकपणें लिहून ठेविले आहेत. तथापि वाचतांना मन शहारतें. शिकविणाऱ्याची चिकाटी आणि त्याचा हट्ट यांमधील सीमारेषा किती पुसट असते, हें घरीं शिकविणाऱ्या प्रत्येकानें या दोन प्रसंगांवरून ध्यानीं घ्यावें. घराच्या चार भिंतींत जसें प्रेमाला मोकळें रान मिळतें, तसेंच हट्टालाहि मिळतें. तेथें पाहणारा तिसरा कोणी नसतो.

अशा प्रत्येक प्रसंगानंतर मुलगा ज्या बाईकडे परत जाई, तिच्याविषयीं इतारच्या दोन अहवालांत (एक १८०१ चा, दुसरा १८०६ चा) थोड्याच ओळी आहेत. पण त्या ओळींतच या प्रयोगाचें सार आहे असें आम्हांस वाटतें. एकदां व्हिक्तोर पळून गेला. पॅरिसबाहेर शिपायांनीं त्याला पकडलें आणि कांहीं दिवस अटकेंत ठेविलें. कोणी मागणीहि करीना. शेवटीं मादाम गेरँ त्याला न्यावयास गेली. तिला पाहतांच त्याचा चेहरा पांढरा पडला आणि क्षणभर त्याची शुद्ध हरपली. तिनें कुरवाळल्यावर तो सावध झाला आणि हर्षानें चीत्कार करूं लागला. पाहणाऱ्यांना तो पळून गेलेला रानटी पोर न वाटतां आईकडे परत आलेला मुलगाच वाटला.

दुसरा प्रसंग त्याहूनहि शांत आहे. जेवणाचें मेज मांडणें हें व्हिक्तोरचें काम असे. बाईचा नवरा आजारी पडून वारला. त्या दिवशीं मुलानें नेहमींप्रमाणें त्याचेंहि ताट मांडलें. तें पाहून बाईला रडूं कोसळलें. आपल्या हातून कांहीं तरी झालें हें मुलानें ओळखलें. त्यानें तें ताट उचलून कपाटांत ठेवून दिलें, आणि पुन्हां कधींहि मांडलें नाहीं. मरण म्हणजे काय हें त्याला कोणीं सांगितलें नव्हतें, सांगतांहि आलें नसतें. ज्या मुलाला इस्पितळांतील मूढांत जमा केलें होतें, त्याची ही समज कोणत्या परीक्षेंत मोजावयाची?

परंतु इतारचें माप वाणीचें होतें. पांच-सहा वर्षें झटूनहि व्हिक्तोर बोलूं लागला नाहीं. लेखी शब्द पुष्कळ ओळखूं लागला, खुणेनें आपला भाव सांगूं लागला, लांकूड कापण्यासारखें काम आवडीनें करूं लागला. खडू धरावयाची दांडी सांपडेना तेव्हां स्वयंपाकांतल्या एका सळईची दांडी करून वापरण्याइतकी युक्ति त्याला सुचली. पण बोलला नाहीं. तारुण्याच्या उंबरठ्यावर त्याची अस्वस्थता वाढली, आणि दुसऱ्या अहवालानंतर इतारनें हें शिक्षण थांबविलें. तो पुढें बहिऱ्यांच्या शिक्षणाकडे व कर्णरोगांच्या अभ्यासाकडे वळला आणि त्यांत मोठा नांवलौकिक मिळवून १८३८ सालीं वारला. व्हिक्तोरचें संस्थेंत राहणें व्यवस्थापकांना अडचणीचें वाटूं लागलें, तेव्हां १८११ च्या सुमारास मादाम गेरँ त्याला घेऊन जवळच्याच एका गल्लींत राहावयास गेली. सरकारकडून तिला मिळणारी रक्कम चालू राहिली. तेथें तो १८२८ सालीं, वयाच्या सुमारें चाळिसाव्या वर्षीं, मरण पावला.

इतिहासकार बहुधा १८०६ सालीं ही गोष्ट संपवितात, कारण अहवाल तेथें संपतात. आमच्या मतें गोष्टीचा मोठा भाग तेथून पुढेंच आहे. वैद्याचा प्रयोग पांच-सहा वर्षें चालला. बाईचें घर त्यानंतरहि वीस-बावीस वर्षें चाललें. त्या वर्षांचा अहवाल कोणीं लिहिला नाहीं, कारण त्यांत सिद्ध करण्यासारखें कांहीं नव्हतें. एका प्रौढ मनुष्याला रोज जेवूं घालणें, त्याच्या झटक्यांतून त्याला सांभाळणें, त्याच्या हाताला काम देणें आणि त्याला परत इस्पितळांत जाऊं न देणें, एवढेंच त्यांत होतें. पिनेलनें त्या मुलासाठीं जें स्थान नेमलें होतें, तेथें तो अखेरपर्यंत गेला नाहीं. हें अपयश असेल तर यशाची व्याख्याच तपासून पाहिली पाहिजे.

आतां या बीजाचा वृक्ष कसा झाला तें थोडक्यांत पाहूं. आयुष्याच्या शेवटच्या काळांत इतारनें एदुआर सेगँ या तरुणाला एका मंदबुद्धि मुलाचें शिक्षण हातीं घ्यावयास लावलें. पुन्हां एक गुरु, एक मूल. सेगँनें त्या अनुभवावरून स्नायु, इंद्रियें आणि मग बुद्धि अशा क्रमाची एक पद्धति रचिली, १८४६ सालीं तिच्यावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि पुढें अमेरिकेंत जाऊन तेथील अशा मुलांच्या शाळांना वळण लाविलें. इटलींत डॉक्टर मारिया माँटेसरी या बाईंनीं १९०० च्या सुमारास रोममध्यें मंदबुद्धि मुलांना शिकवितांना इतार व सेगँ यांचे ग्रंथ मिळविले, आणि ते नीट मुरावेत म्हणून स्वतःच्या हातानें आपल्या भाषेंत उतरून काढिले. मंदबुद्धि म्हटलेलीं मुलें या रीतीनें शिकतात, तर धडधाकट मुलें शाळांत मागें कां राहतात, असा उलटा प्रश्न त्यांना पडला; आणि त्या प्रश्नांतून १९०७ सालीं रोमच्या गरीब वस्तींत त्यांचें पहिलें बालगृह निघालें.

तेथून ही धारा आपल्या दारीं आली. भावनगरास गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं बालमंदिर काढिलें; ताराबाई मोडक तेथें जाऊन त्यांच्या कार्यांत सामील झाल्या; पुढें १९४५ सालीं त्यांनीं बोर्डी येथें आणि १९५७ सालीं कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीनें, आदिवासी मुलांसाठीं हेंच काम मांडलें. खुद्द माँटेसरीबाई १९३९ सालीं मद्रासजवळ अड्यार येथें आल्या आणि महायुद्धाचीं वर्षें त्यांनीं या देशांतच काढिलीं. महागड्या विलायती साधनांच्या ऐवजीं पानें, फुलें, बिया, शिंपले यांवर ताराबाईंनीं व अनुताईंनीं मुलांचीं इंद्रियें तयार केलीं. ज्या महाराष्ट्रांत धूळपाटीवर बोटानें अक्षर गिरविण्याची चाल पूर्वापार होती, त्याला बोटानें अक्षर ओळखण्याची ही रीत परकी वाटण्याचें कारण नव्हतें. मात्र पॅरिसच्या एका घरांत एका न बोलणाऱ्या मुलासाठीं घडविलेल्या त्या अक्षरांचें ऋण या साखळीवर आहे, हें आपल्या बालवाड्यांनीं विसरूं नये.

हा एक प्रवाह झाला. दुसरा प्रवाह सक्तीच्या शिक्षणाचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांतील सरकारांनीं प्रत्येक मुलाला शिक्षण देण्याचें मनावर घेतलें. हें मोठें पुण्यकर्म होतें यांत शंका नाहीं. परंतु लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, त्या कायद्यांनीं शिक्षण सक्तीचें केलें, शाळा सक्तीची केली नाहीं. इंग्लंडच्या १८७० च्या कायद्यांत, मुलाला अन्य रीतीनें नीट शिक्षण मिळत असेल तर गैरहजेरीला तें योग्य कारण मानिलें होतें. फ्रान्सच्या १८८२ च्या कायद्यांत बापानें स्वतः किंवा त्यानें नेमलेल्या माणसानें घरीं शिकविण्याची स्पष्ट मुभा होती. तरीहि बहुसंख्य मुलें शाळांत आलीं, वर्ग भरले, आणि एका वर्गांत एकाच वेगानें शिकवितांना मागें पडणारें मूल प्रथमच ठळकपणें दिसूं लागलें. जें मूल शेतांत, मागावर किंवा भात्यापाशीं कोणाच्या डोळ्यांत आलें नसतें, तें आतां पाटीपाशीं डोळ्यांत भरलें. अशीं मुलें निवडून काढण्यासाठीं फ्रेंच सरकारनें समिति नेमली आणि त्यांतूनच आल्फ्रेद बिने व सिमों यांची १९०५ ची बुद्धिमापनाची फूटपट्टी निघाली. बिनेचा स्वतःचा विश्वास असा कीं बुद्धि हें ठरीव घबाड नव्हे, तिला व्यायामानें वाढवितां येतें. त्याची पट्टी जगानें घेतली. त्याचा विश्वास मागें राहिला.

याच सुमारास आणखी एका प्रकारचें मूल वैद्यांच्या ध्यानांत आलें. १८९६ सालीं इंग्लंडांतील प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरानें चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार, चलाख, खेळांत तरबेज. बीजगणितांतलीं उदाहरणें सोडवी. सात वर्षांचा असल्यापासून शाळेंत किंवा घरच्या शिक्षकांपाशीं शिकत आलेला. परंतु साधे छापील शब्द त्याला वाचतां येत नसत आणि स्वतःचें नांव लिहितांनाहि अक्षरें उलटींपालटीं होत. सगळें शिक्षण तोंडीं असतें तर हा शाळेंतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असा त्याच्या शिक्षकाचा अभिप्राय डॉक्टरानें नमूद केला आहे. ग्लासगोचे नेत्रवैद्य जेम्स हिन्शेलवुड यांनीं अशा अनेक मुलांचा अभ्यास करून १९१७ सालीं ग्रंथ लिहिला आणि उपाय सांगितला तो हाच: अशा मुलाला वर्गांत इतरांसमोर वाचावयास लावूं नये, एकट्याला, वेगळें, धीरानें शिकवावें. आज ज्याला अध्ययन-अक्षमता म्हणतात, तिच्या उपचाराचा पाया अद्याप हाच आहे.

येथें एका इंग्रजी खटल्याचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. १९४४ च्या इंग्रजी कायद्यानें मुलाला शाळेंत घालून 'किंवा अन्य रीतीनें' शिकविण्याचें कर्तव्य आईबापांवर टाकलें. वूस्टरशायरमधील एका कुटुंबानें वाचनाची अडचण असलेल्या आपल्या मुलांना शाळेंत न पाठवितां घरीं, त्यांच्या कलानें, शेतांत व कामांत शिकविलें. अधिकाऱ्यांनीं खटला भरला. आणि १९८१ सालीं अपिलांत आईबाप जिंकले. मुलाला आधुनिक समाजांत जगण्यास तयार करणें आणि त्याच्या अंगची शक्ति पूर्णपणें विकसित होऊं देणें, ही योग्य शिक्षणाची कसोटी न्यायासनानें मान्य केली. वाचनाची गति हें एकमेव माप नव्हे, हें मादाम गेरँच्या घरानें न बोलतां सांगितलेलें तत्त्व दीडशें वर्षांनीं कायद्याच्या भाषेंत आलें. उलट फ्रान्समध्यें, जेथें ही कथा घडली तेथेंच, २०२१ च्या कायद्यानें घरच्या शिक्षणाला पूर्वपरवानगीची अट घातली. २०२२ पासून ती अमलांत आली. परवानगीच्या मोजक्या कारणांत मुलाचें आजारपण किंवा अपंगत्व हें एक कारण मात्र राखलें आहे.

आपल्याकडे १९४४ सालीं मुंबईंत वकील दांपत्यानें आपल्या मुलीच्या गरजेपोटीं जें काम सुरू केलें, त्यांतून जय वकील संस्था उभी राहिली. म्हणजे येथेंहि आधीं एक मूल आणि मग शाळा. महाराष्ट्र सरकारनें १९९६ पासून अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षांत सवलती दिल्या. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला. २०१२ च्या दुरुस्तीनें तीव्र व बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरीं शिकण्याचा पर्याय निवडण्याचाहि हक्क दिला. आणि २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यानें स्वमग्नता व अध्ययन-अक्षमता यांचीहि गणना एकवीस प्रकारांत केली. शाळेबाहेर शिकणाऱ्यास परीक्षा देतां यावी म्हणून १९८९ सालीं निघालेली मुक्त विद्यालयाची राष्ट्रीय संस्था आहेच.

कागदावर हें सर्व चांगलें आहे. परंतु 'पर्याय' या शब्दापाशीं आम्ही थोडें थांबूं इच्छितों. पर्याय हा निवडणाऱ्याचा असतो. ज्या मुलाला शाळेंत यावयाचें आहे परंतु शाळेला जिना आहे व उतरण नाहीं, ज्या मुलाला वर्गांत बसावयाचें आहे परंतु त्याच्यामुळें इतरांचा अभ्यास बुडतो अशी तक्रार आहे, त्याच्या आईबापांस मुख्याध्यापकांनीं 'तुमच्यासाठीं घरींच बरें' असें सुचविणें, याला पर्याय म्हणत नाहींत. तें पिनेलनें दिलेल्या निर्णयाचेंच सौम्य भाषांतर आहे. घरचें शिक्षण हें जेव्हां मुलाची गरज ओळखून निवडलें जातें तेव्हां तें शिक्षण. जेव्हां तें बंद दारामुळें वांट्याला येतें तेव्हां ती हद्दपारी. बाहेरून दोन्ही सारखींच दिसतात, आणि म्हणूनच दार उघडें आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें लागतें.

दुसरी गोष्ट मादाम गेरँची. घरीं शिकविण्याचा हक्क कायदा मुलाला देतो. तें शिकविणार कोण, हें तो गृहीत धरतो. बहुतेक घरांत तें आईच्या अंगावर येतें. ती नोकरी सोडते, समारंभ टाळते, रात्रीं मूल झोपल्यावर दुसऱ्या दिवसाचे पाठ तयार करिते. आणि वर्षाखेरीस मुलाला दहाच शब्द आले तर तिच्यावरच बोल येतो. दोनशें वर्षांपूर्वींच्या फ्रेंच सरकारला, राज्यें उलथीं-पालथीं होत असतां, एका न बोलणाऱ्या मुलाला सांभाळणाऱ्या बाईचे श्रम हे वेतनास पात्र श्रम आहेत, एवढें कळलें होतें. राजवट बदलली, बादशाह आला आणि गेला, तरी ती रक्कम बंद झाली नाहीं. आपल्या २०१६ च्या कायद्यांत, ज्यांना अधिक आधाराची गरज आहे त्यांच्यासाठीं काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख आहे; परंतु तो सरकारच्या ऐपतीच्या मर्यादेंत, अशी पुस्तीहि जोडलेली आहे. त्या पुस्तीचा अर्थ काय लावावयाचा, हा शिक्षणशास्त्राचा नव्हे, समाजाच्या नीयतीचा प्रश्न आहे.

इतारच्या नांवाचे ग्रंथ झाले, त्याच्या प्रयोगावर १९७० सालीं एक प्रसिद्ध चित्रपटहि निघाला. मादाम गेरँनें कांहींहि लिहून ठेविलें नाहीं. ज्या घरांत आज एखादी आई अशाच एका मुलापुढें बसली असेल, तिला इतारचे पांच उद्देश पाठ नसले तरी चालेल. पण पुढील सांत्वन तिचें हक्काचें आहे. तिच्या आधीं एका बाईनें अठ्ठावीस वर्षें हेंच काम केलें. तिचा मुलगा कधींहि बोलला नाहीं. आणि तरीहि तो अखेरपर्यंत घरांतच राहिला.